मी बघतो

४ मार्च

मामा,

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. पण आता तुझ्याशी कागदावरच बोलायचं ठरवलंय. परवा फोनवर मी घसा फोडून सांगितलं की हॉलमध्ये आग लागली होती, आणि तू म्हणालास, "बाग? छान, झाडं हवीतच." माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरी हसून लोळल्या. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभा राहून तू कान घालवलेस, त्याला फोन तरी काय करणार.

तर आग होती, मामा. इस्त्रीच्या टेबलाखालची वायर पेटली आणि खाली साठलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. जाळ मोठा नव्हता, पण धूर इतका झाला की समोरची मशीन दिसेना. आम्ही सगळ्या मागच्या दाराकडे धावलो तर दाराला बाहेरून कुलूप. शिवलेले शर्ट चोरीला जातात म्हणून शिफ्ट सुरू झाली की ते दार बंद करतात. किल्ली मास्तरकडे आणि मास्तर जेवायला गेलेला. शेवटी पुढच्या जिन्यावरून, त्याच धुरातून, एकमेकींच्या ओढण्या धरून उतरलो. कात्री जिन्यात पडली. तिच्या अंगावरून तिघीचौघी गेल्या. त्यात मी होते की नव्हते, मला खरंच माहीत नाही.

कात्री म्हणजे माझ्या शेजारी बसणारी. शर्टाचे सुटे धागे कापायचं काम तिचं, पण हातातल्या कात्रीपेक्षा तिची जीभ जास्त चालते म्हणून हे नाव. आता ती म्हणते, ते दार उघडं राहायलाच हवं. आम्ही सगळ्याच म्हणतो.

आमच्या हॉलमध्ये बोलायला बंदी आहे, हे तुला माहीत आहे. बोललं की जागा बदलतात. म्हणून मी पोरींना तुझ्या मागांवरच्या खुणा शिकवल्या, लहानपणी आईच्या पाठीमागे तू मला शिकवायचास त्या. कानाची पाळी ओढली की कोणीतरी येतंय. ओठांवर दोन बोटं म्हणजे पाणी प्यायला जाते. डोळ्याखाली एक बोट म्हणजे जा तू, मी बघते. अख्खा हॉल दिवसभर गप्पा मारतो, आणि कॅमेऱ्याला वाटत असेल पोरींना खाज सुटलीय.

आईला आगीचं सांगू नकोस. बाग म्हणून सांग.

तुझी ठकू

११ मार्च

ठकूबाई,

बाग वाचून हसलो आणि आग वाचून हातातला पाना खाली ठेवला. एक गिऱ्हाईक सायकल घेऊन उभं होतं, त्याला वाटलं घरी कोणी गेलं. तुझ्या आईला बागच सांगितली. ती म्हणते, तिकडून एखादं रोप पाठवून दे म्हणावं.

आता आधी एक दुरुस्ती. पाण्याला एक बोट. दोन बोटं म्हणजे लघवीला. म्हणजे तुझ्या हॉलमधल्या सगळ्या पोरी इतके दिवस काय सांगत बसल्यात ते बघ. लहानपणी शिकवताना तुझं लक्ष नव्हतं, मी तेव्हाही म्हणायचो.

पण खरं सांगतो, वाचून छाती भरून आली. मला वाटलं होतं त्या खुणा मागांबरोबर भंगारात गेल्या. आमच्या शेडमध्ये कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. माझ्या शेजारच्या मागावर माझा जोडीदार असायचा. आम्ही इतकी वर्षं बोललो, पण त्याचा आवाज कसा आहे हे मला बाहेर चहाच्या टपरीवरच कळायचं. माग सोडून जाता येत नाही, धागा तुटला आणि लक्ष नसलं की कापड वाया. पण जोडीदाराने डोळ्याखाली बोट ठेवलं की मी निर्धास्त जायचो. 'मी बघतो' ही आमच्या दोघांची खूण, पुढे सगळ्या शेडने उचलली.

संपाच्या दिवशीही तो शेजारीच होता. घोषणा देऊन उपयोग नव्हता, कोणाला ऐकू येणार. खूण ठरली होती, दोन्ही हात काखेत. पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी हात काखेत घातले आणि माग एकेक करून थांबले. त्या शांततेनेच माझे कान पहिल्यांदा दुखले. पुढे मालकाने शेड विकली, माग वजनावर गेले आणि आमच्या हाती धुपाटणंही आलं नाही.

म्हणून सांगतो, तू यात पडू नकोस. मागे बस, धुराचा वास आला की सगळ्यात आधी उठ. मोठ्या माणसांचं ऐकायचं असतं. मी कोणाचंच ऐकत नाही, पण माझ्याकडे डॉक्टरचा दाखला आहे.

मामा

१९ मार्च

मामा,

तू यात पडू नकोस म्हणालास आणि त्याच कागदावर कसं पडायचं तेही शिकवलंस. कात्रीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझा मामा दुकानात नको, इथे हवा.

आम्ही सरळ मार्गाने जाऊन बघितलं. सगळ्यांच्या वतीने आम्ही चौघी ऑफिसात गेलो. साहेबांनी खुर्चीही दिली नाही. म्हणाले, कुलूप म्हणजे तुमचीच सुरक्षा. कात्रीने विचारलं, मग तुमच्या केबिनला का नाही? तेव्हापासून तिची जागा शेवटच्या रांगेत, माझ्यापासून लांब.

इथल्या चौकात कॉलेजची पोरं बरेच दिवस बसली आहेत, फलक घेऊन, डफ वाजवत. त्यांना फीवाढ नको, नोकऱ्या हव्यात, आणि आमच्या दाराचंही त्यांनी एका फलकावर लिहिलंय. कात्री सुटीच्या दिवशी तिथे जाते. ती पोरं म्हणतात, बाहेर या. आम्ही म्हटलं, आधी आत बसून बघू.

तर ठरलं. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, दुपारच्या चहानंतर. शेवटच्या रांगेतून कात्री खूण काढेल आणि ती पुढे येत जाईल. हात काखेत. मागचं दार उघडेपर्यंत एकही सुई चालणार नाही. कोणी ओरडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. आमची फक्त एवढीच मागणी आहे, मामा, एक दार.

नवीन हॉलमास्तर आलाय. तुझ्याच वयाचा. डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली, म्हणून पोरींनी त्याचं नाव साडेनऊ ठेवलंय. बोलतो कमी, मान खाली घालून फिरतो. जुन्या मास्तरसारखा खेकसत नाही. त्याला काही कळेल असं वाटत नाही.

हे सगळं कोणाला सांगू नकोस हं. तशी मला काळजी नाही. तुला ऐकू येत नाही आणि तुझं कोणी ऐकत नाही. तुझ्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

तुझी ठकू

२७ मार्च

ठकूबाई,

आता पत्र नीट बसून वाच, कारण तुझ्या मामाने मोठं काम केलंय.

तुझं पत्र वाचता वाचता अर्ध्या करंगळीपाशी आलो आणि जागच्या जागी उठून उभा राहिलो. ती करंगळी माझ्यासमोर गेली, पोरी. माझ्या मागाचा पट्टा सुटला तेव्हा तो आवरायला त्याने हात घातला होता. तुमचा साडेनऊ म्हणजे माझा जोडीदार. शेड बंद झाल्यावर तो कुठल्याशा कपड्यांच्या कंपनीत लागला एवढं कळलं होतं. ती तुझीच निघावी, याला नशीब म्हणायचं नाही तर काय.

आणि ऐक. रविवारी तो इथे आपल्या घरी आला होता, मी निरोप पाठवला, तर संध्याकाळी दुकानात हजर. केस पिकलेत, पण हात तेच. दुकानासमोर दोन खोक्यांवर बसून आम्ही खुणांनी बोललो. येणारे जाणारे थांबून बघत होते, कोणाला वाटलं भांडतोय, कोणाला वाटलं नाटक. कित्येक वर्षांत मी इतकं बोललो नव्हतो, ठकू. घरात तुझी आई माझ्याशी बोलते ती कानाशी ओरडून, त्यात जेवलास का आणि औषध घेतलंस का याच्यापलीकडे काही मावत नाही. त्याच्याशी बोलताना मी बहिरा नव्हतो.

त्याला सांगितलं, तुझ्या हॉलमध्ये माझी भाची आहे, बहिणीची मुलगी. आमच्या खुणा तिने सगळ्या पोरींना शिकवल्यात हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मग सोमवारचंही सांगितलं. तू कोणाला सांगू नको म्हणाली होतीस, पण हा कोणी नाही, हा जोडीदार आहे. शेवटच्या रांगेतून खूण निघणार, हात काखेत जाणार, म्हटलं पोरींना सांभाळ, तू आत असताना त्यांना कशाला कोण हात लावतोय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्याखाली बोट ठेवलं. मी बघतो.

आता तू निर्धास्त राहा. ज्याच्या भरवशावर मी माझा माग सोडून जायचो, त्याच्या भरवशावर तू हॉलमध्ये बस.

मामा

२ एप्रिल

मामा,

तुझं पत्र नाही. खाली होस्टेलचा वॉचमन पत्रं खणात टाकून ठेवतो, मनात येईल तेव्हा देतो. मला कोणाशी तरी बोलायचंय आणि खोलीत कोणी माझ्याशी बोलत नाही, म्हणून लिहिते.

सोमवारी चहा झाला. मी मागे वळून बघणार नव्हते, ठरलं तसं शेजारणीकडून खूण येईपर्यंत शिवत राहणार होते. तेवढ्यात साडेनऊ पुढच्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. मान वर करून त्याने सगळा हॉल बघितला. आणि मग त्याने स्वतःचे दोन्ही हात काखेत घातले.

मला आधी वाटलं, भास झाला. पोरी गडबडल्या. अर्ध्या पोरींना वाटलं सुरू झालं, त्यांनी मशीन सोडून हात काखेत घातले. काही जणी तर हसल्या, मास्तरही आपल्यातलाच म्हणून. मागे कात्रीने घातले. मीही घातले. मशीन थांबल्या, मामा. तू लिहिलं होतंस तशी शांतता झाली, थोडा वेळ.

मग मागचं दार उघडलं. त्या कुलपाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दारातून पोलीस आत आले, बायका आणि पुरुष दोन्ही. साडेनऊ रांगांमधून फिरायला लागला आणि जिचे हात काखेत तिच्या मशीनवर टिचकी मारत गेला. टिचकी मारली की तिला उठवायचे. कात्री उठली नाही, तिला दंडाला धरून ओढली. तिने जाताना माझ्याकडे बघून कानाची पाळी ओढली, कोणीतरी येतंय, मला सावध करायला.

तो माझ्यापाशी आला. मी हात काढले नाहीत. टिचकीची वाट बघत होते. त्याने माझे दोन्ही हात मनगटाला धरून काखेतून काढले, हळूच, आणि मशीनवर ठेवले. मग सगळ्यांसमोर डोळ्याखाली बोट ठेवलं.

कात्री दारात होती. तिने बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

त्यांच्यावर मशिनी फोडल्याचा आरोप ठेवलाय. एकही मशीन फुटलेली नाही. वकील मिळत नाही. चौकातली पोरंही उठवली, तिथे आता पाण्याचा टँकर उभा असतो. खुणा मी शिकवल्या आणि उचललं नाही फक्त मला. खोलीतल्या पोरींनी मला काही विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही, कारण मलाच कळत नाही. त्याला ती खूण कोणी शिकवली? हॉलबाहेर ती आता तुला आणि मलाच

पाकीट आणायला खाली गेले तेव्हा वॉचमनने तुझं पत्र दिलं. वाचलं.

७ एप्रिल

ठकू,

तू खाली नावसुद्धा लिहिलं नाहीस.

मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी काहीतरी समजण्यात चूक होत असेल. त्याच्यावर वरून दडपण आलं असेल. त्याच्या नोकरीचा प्रश्न असेल, घरी अंथरुणाला खिळलेली बायको आहे. त्याने हात काखेत घातले ते कदाचित खरोखर घातले असतील, आणि पोलीस दुसऱ्याच कोणी बोलावले असतील. तू नीट आठवून बघ. तो असा नाही. मालकाची लॉरी माग घेऊन गेटातून निघाली तेव्हा तिच्यासमोर आडवा पडलेला माणूस आहे तो.

हे लिहून मी वाचलं आणि मलाच पटलं नाही. तरी पाठवतो, कारण दुसरं काय लिहायचं ते सुचत नाही.

एक गोष्ट लिहितो, रागावायचं तर रागाव. तुला पकडलं नाही हे वाचलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. कात्रीचं वाचायच्या आधी. जीव आला नाही असं खोटं कसं लिहू. मी त्याला म्हटलं होतं पोरींना सांभाळ. त्याने तुला सांभाळलं. त्या खुणेत एकाच मागाकडे बघणं असतं, शेजारच्या, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही.

मी तिकडे येतो. त्याला भेटतो. मी सांगितलं म्हणजे तो तक्रार मागे घेईल.

मामा

२० एप्रिल

ठकू,

मी येऊन गेलो. तुला कळलं असेल किंवा नसेल.

गेटवर निरोप दिला, तो बाहेर आला. तुमच्या हॉलमध्ये धूळ फार म्हणून तोंडाला फडकं बांधतात ना, ते त्याच्या तोंडावर होतं. मी खुणांनी सुरुवात केली. पोरींना सोडव. तू बघतो म्हणाला होतास. खरं काय ते साहेबांना सांग. मी खूप वेळ बोललो, घाम फुटला. त्याचे हात खिशात होते. ते त्याने बाहेर काढलेच नाहीत.

मग तो बोलायला लागला, तोंडाने. फडक्याखाली त्याचे ओठ हलताना दिसत होते एवढंच. तो बराच वेळ बोलला. माफी मागत होता की मला झापत होता, देव जाणे. मी त्याला हाताने सांगितलं, फडकं काढ, हाताने बोल, मला ऐकू येत नाही. त्याला हे माहीत नाही का, ठकू? त्याच्याइतकं कोणाला माहीत आहे? शेवटी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला स्टँडचं सांगितलं. वळणावर मी उतरलो आणि परत आलो.

शिफ्ट सुटली तेव्हा मी गेटासमोर होतो. पोरी घोळक्याने बाहेर पडल्या. त्यांच्या मागे तू, एकटी. मी हाक मारली. माझी हाक मला ऐकू येत नाही, त्यामुळे केवढी मारली कोण जाणे, पण चहावाला दचकून बघायला लागला. तू वळली नाहीस. आवाजच फुटला नसेल असं धरून मी एसटीत बसलो.

तू ये परत. आपलं दुकान आहे. पंक्चर काढायला शिकवेन. कोणी काही म्हणणार नाही, इथे कोणाला काही माहीत नाही.

मामा

९ मे

मामा,

हाक ऐकू आली होती. सगळ्या रस्त्याला ऐकू आली. वळले असते तर पोरींनी तुलाही बघून ठेवलं असतं.

तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला, जमत नाही. रागावता आलं असतं तर निदान काही करतेय असं वाटलं असतं. तू मला वाचवायला गेलास. त्यानेही तुझ्या शब्दासाठी मला वाचवलं असेल. सगळ्यांनी मला वाचवलंच आहे.

बाकीच्या सुटल्या, जामिनावर. कोणालाही परत घेतलं नाही आणि आजूबाजूच्या कुठल्याच कारखान्यात घेणार नाहीत. कात्री गावी गेली. स्टँडवर तिला भेटायला गेले होते. दोन्ही हात ओढणीखाली घेऊन बसली होती. मी तुझं सगळं सांगितलं, जोडीदाराचं, दुकानासमोरच्या खोक्यांचं, काही न लपवता. ती बसच्या पाटीकडे बघत राहिली. मग मी ओठांवर बोट ठेवून विचारलं, पाणी आणू? एकच बोट, तू दुरुस्त केलंस तसं. तिने माझ्या बोटाकडे बघितलं. बस लागली आणि ती उठली.

तू ये म्हणतोस. आले तर म्हणतील काम झालं म्हणून गेली. राहिले तर म्हणतात बक्षीस घेऊन बसली. आणि खरंच, साडेनऊने मला पुढच्या टेबलाशेजारी बसवलंय, पंख्याखाली. मी नको म्हटलं. तो म्हणाला, तुझ्या मामाला शब्द दिलाय. मामा, त्याचा आवाज बारीक आहे, बाईसारखा.

मागच्या दाराला नवीन कुलूप आहे, आधीच्यापेक्षा मोठं. उकाडा वाढलाय, काल इस्त्रीकडे परत वायरचा वास येत होता. मी मास्तरला सांगितलं. तो म्हणाला, मी बघतो.

नवीन पोरी भरल्यात आणि जुन्यांनी नवीन खुणा काढल्यात. दिवसभर माझ्या चारी बाजूंना हात हलत असतात, त्या हसतात, भांडतात, काहीतरी ठरवतात, आणि मला एक अक्षर कळत नाही. तुझं घरात कसं होत असेल ते आता कळतं. जुन्यातली एकच खूण त्यांनी ठेवलीय. मी हॉलमध्ये शिरले की पहिल्या रांगेतली पोरगी डोळ्याखाली बोट ठेवते, मग तिच्या मागची, मग तिच्या मागची, शेवटच्या रांगेपर्यंत. आणि सगळे हात थांबतात. आधी मला वाटलं चिडवतात. तसं नाही. ते माझं नाव आहे.

आईला सांग, ठकू बरी आहे, पंख्याखाली बसते. मोठ्याने सांग, शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल.

तुझी ठकू